बाटलीच्या बुडावरचा ठिपका: आमची वाटचाल

हिंगणा एमआयडीसीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आम्ही पेट (पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्यांचं ग्राइंडिंग, म्हणजे दळून त्यांचे तुकडे (फ्लेक्स) करणं सुरू केलं, ते 2016 चे घनकचरा नियम आल्यानंतर. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करायचा, असं त्या नियमांनी सांगितलं. नागपुरात कचरा भरपूर, त्यामुळे माल कमी पडला नाही. खर्च वाढतो तो खरकट्यामुळे. वरणभात आणि बाटली एकाच डब्यात पडली की ती धुवायला गरम पाणी, कॉस्टिक सोडा, वीज लागते, आणि वर ते सांडपाणी शुद्ध करायचं. मे महिन्यात इथे पाण्याचा टँकर मिळवणं हेच एक काम असतं.

आमचा धंदा खऱ्या अर्थानं उभा आहे तो छाटणीच्या टेबलावर. पाण्याच्या टाकीत झाकणं तरंगतात, पेट बुडतं, तेवढं सोपं. पण पीव्हीसी हे दुसरं प्लास्टिकही पेटसोबतच बुडतं, कारण दोघांची घनता जवळपास सारखी. पेट वितळायला साधारण 250 अंश लागतात. त्याआधीच पीव्हीसी जळून आम्लाचा वायू सोडतं आणि सगळा लॉट खराब होतो. मूठभर तुकड्यांपायी खरेदीदार गाडी परत पाठवतो. आमच्या ताया बाटली उलटी करून बूड बघतात: मधोमध ठिपका असेल तर पेट, आडवी शिवण असेल तर बाजूला. त्यांच्यातल्या काही जणी आधी भांडेवाडीच्या डेपोवर कचरा वेचायच्या. ही नजर तिथलीच, आणि माझ्या मते शेडमधलं सर्वांत मोलाचं भांडवल तेच आहे. म्हणून भाव पडला तरी त्यांची मजुरी कमी करायची नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलेलं आहे.

आणि भाव पडतोच. 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलं, त्यापासून बनणारा प्लास्टिकचा नवा दाणा स्वस्त झाला. आमचे फ्लेक्स कोण घेणार? ऑक्टोबर 2021 पासून प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आमचा बहुतेक माल छोट्या कबाड्यांकडून बिनबिलाचा येतो, त्यावर क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) मिळत नाही. विक्रीवरचा कर पुढच्या महिन्यात भरायचा, खरेदीदाराचे पैसे मात्र कधी दोन महिन्यांनी, कधी तीन.

चिवडा-वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना तर गिऱ्हाईकच नाही. त्यांत वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकमेकांना चिकटलेले, सुटे करणं परवडत नाही. सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवतो, गाडीभाडं आमच्या खिशातून.

2022 च्या नियमांनी कडक प्लास्टिकच्या पॅकिंगमध्ये 2025-26 पासून किमान 30 टक्के पुनर्प्रक्रिया केलेलं प्लास्टिक घालणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यामुळे स्वच्छ फ्लेक्सची विचारणा वाढली आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या काही फ्लॅट स्कीममधून दर शनिवारी आम्ही कोरड्या, खळखळून घेतलेल्या बाटल्या उचलतो. त्यांना किलोमागे जास्त भाव देतो आणि तरीही परवडतं, कारण त्या मालाला कॉस्टिक लागत नाही. बाटल्या गोळा करायला तिथे जातात त्याही छाटणीतल्याच ताया. बूड दारातच बघून घेतात.