मामांचं स्पीडमास्टर: नागपुरात केलेली सर्व्हिसिंग

मामा कुवेतला नोकरीला होते, तेव्हा सत्तरच्या दशकात त्यांनी ओमेगाचं स्पीडमास्टर हे मनगटी घड्याळ घेतलं. मागच्या वर्षी मामींनी ते माझ्याकडे दिलं. चावी भरली की चालायचं, पण संध्याकाळपर्यंत चांगलंच मागे पडायचं. क्रोनोग्राफ (घड्याळातलंच स्टॉपवॉच) चालू केला की थोड्या वेळात घड्याळच थांबायचं. कारण उघड होतं. वर्षानुवर्षं कपाटात पडून आतलं तेल वाळलेलं, त्यात आपल्याकडचे उन्हाळे.

पहिल्या दुकानात मागचं झाकणही न उघडता सांगितलं, "डायल नवं टाकू, केस बफ करून देऊ, एकदम नव्यासारखं दिसेल." मी घड्याळ उचललं आणि बाहेर पडलो. या डायलवर खाली, स्विस मेडच्या दोन्ही बाजूंना, बारीक 'टी' आहे. म्हणजे खुणांवर अंधारात चमकणारं ट्रिटियम. ते आता चमकत नाही, पण खुणा आणि काटे सारख्याच सायीच्या रंगाचे झालेत. हा रंग कुणी लावून देऊ शकत नाही. केसचंही तसंच. पट्टा अडकवायच्या शिंगांवर एक पिळदार कड आहे, एका बाजूला ब्रशचं काम, दुसरीकडे आरशासारखी चकाकी. बफ लागला की ती कड गोल होते, आणि गेलेला धातू परत येत नाही.

मग इतवारीतल्या एका जुन्या कारागिरांकडे गेलो. त्यांनी आधी माझ्यासमोर झाकण उघडलं. आतलं यंत्र तांबूस रंगाचं. भिंग डोळ्यावर चढवून म्हणाले, "८६१ आहे जी. ३२१ असतं तर इथं कॉलम व्हील दिसलं असतं. याच्यात कॅम आहे, पाहा."

कॉलम व्हील आणि कॅम हे क्रोनोग्राफचं चालू-बंद सांभाळणारे दोन वेगवेगळे भाग. फरक खरा आहे. १९५७ च्या पहिल्या स्पीडमास्टरपासून ३२१ हे यंत्र होतं, ते तासाला १८,००० ठोके देतं. १९६८ मध्ये आलेलं ८६१ देतं २१,६००. नासाने १९६५ मध्ये अंतराळवीरांसाठी पास केलं आणि १९६९ मध्ये चंद्रावर गेलं, ते ३२१ वालं. बाजारात भावही त्यालाच जास्त. पण मला मामांच्या घड्याळात त्यामुळे काहीच उणं वाटलं नाही, कारण पुढच्याच मिनिटाला त्या कारागीर काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि वरचं बटण दाबलं.

कॅम एक पाऊल सरकली. तिच्या सांगण्यावरून एक लिव्हर हलली, आणि सतत फिरणारं छोटं चाक आडवं सरकून मधल्या चाकाच्या दातांत जाऊन बसलं. दात इतके बारीक की डोळ्यांनी नुसती झालर दिसते. बटणाला बोटाखाली जो टणक 'टक्' जाणवतो, तो कुठून येतो हे त्या दिवशी कळलं. क्रोनोग्राफ चालू केल्यावर घड्याळ का थांबत होतं तेही. हे जादा चाक ओढायलाही जोर त्याच एका मेनस्प्रिंगचा (चावी भरली की आवळली जाणारी स्प्रिंग) लागतो, आणि वाळलेल्या तेलात तो जोर आधीच संपत होता.

पॉलिश नाही, डायलला आणि काट्यांना हात नाही, हे मी पावतीवरच लिहून घेतलं. बाकी सगळं त्यांच्यावर सोडलं: पूर्ण सुटं करून साफसफाई, नवी मेनस्प्रिंग, रबरी सील, ऑइलिंग. मेनस्प्रिंग बाहेरून यायला वेळ लागला. त्या आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आणायला गेलो तेव्हा काकांनी घड्याळ टायमिंग मशीनवर लावून दाखवलं. आधी बॅलन्स (मागेपुढे झुलून वेळ राखणारं चाक) जेमतेम १९० अंश फिरत होता, आता २८० च्या आसपास. क्रोनोग्राफ चालू केला की थोडा उतरतो, तेवढं चालायचंच. काच हेसालाइटची, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. ओरखडे लवकर पडतात, पण पेस्ट लावून घासले की जातात. घासल्यावर काकांनी ती तिरप्या उजेडात धरली. काचेच्या बरोबर मध्यभागी ओमेगाची केसासारखी बारीक खूण. म्हणजे काचही कंपनीचीच. मामा इतकी वर्षं ती खूण मनगटावर घेऊन फिरले, त्यांना ती दिसली होती का, हे आता विचारता येत नाही.

आता रोज सकाळी आंघोळीआधी चावी भरतो. बोटाला अडथळा लागला की तिथेच थांबायचं, पुढे जोर नाही. काटा दिवसाला चार-पाच सेकंद पुढे जातो, या वयाच्या यंत्राला हे उत्तम.

बेझेलवरचं, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावरचं, वेग मोजायचं टॅकीमीटर मात्र कधी वापरलंच नव्हतं. परवा समृद्धीवर भाचा गाडी चालवत होता. किलोमीटरचा दगड गेला तसं बटण दाबलं, पुढचा दगड आला तसं परत दाबलं. काटा ३६ सेकंदांवर, बेझेलवर १००. भाच्याच्या स्पीडोमीटरवर १०३ होते. भाचा म्हणाला, घड्याळ चुकतंय. मी म्हटलं, गाडीचे मीटर थोडं जास्तच दाखवतात, परत घे. पुढच्या किलोमीटरलाही ३६च आले.