कंसाशिवाय आत यायचं नाही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये होते. खाली लिहिलं होतं, ‘मनोगत पाठवा, दोन पानं.’ पटांगण, पाण्याची टाकी, शनिवारची कवायत, स्नेहसंमेलन हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला फक्त गणिताच्या सरांबद्दल लिहायचंय. नाव घालायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं तरी तेच डोळ्यांसमोर यायचे.

१९८६ साल, सातवी ब, जिन्याजवळची खोली. ‘कंचेभागुबेव’ आम्हाला पाचवीपासून पाठ होतं: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. सरांनी फळ्यावर १० − ४ + ३ लिहिलं. अर्ध्या वर्गाचं उत्तर ३ आलं, कारण ‘बे’ हा ‘व’च्या आधी येतो. चार नि तीन सात, दहातून सात गेले, राहिले तीन. सर रागावले नाहीत. म्हणाले, “गड्ड्याला गेलता का नाही? नंदीध्वज किती असतेत?”

“सात!” सगळा वर्ग ओरडला. गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वरांची यात्रा, आणि नंदीध्वज म्हणजे तिच्या मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या.

“मधला कधी पहिल्याच्या पुढं जातोय का? नाही. मान ठरलेला असतोय. इथंबी तसंच. पहिला मान कंसाचा, मग ‘चे’चा. भागाकार नि गुणाकार दोघांचा मान सारखा, डावीकडनं जो आधी येईल तो आधी. बेरीज-वजाबाकीचं पण तेच.” मग दहातून चार गेले, सहा राहिले, त्यात तीन मिळवले. नऊ. सिद्धेश्वरांच्या यात्रेतली मिरवणूक आम्ही दर संक्रांतीला बघायचो, पण ती गणितात येईल असं कुणाला वाटलं होतं?

माझी खरी आठवण मात्र त्यानंतरच्या आठवड्यातली आहे. बैजिक राशीत किंमत घालायची होती. राशी ५ − २क्ष, आणि क्ष = −३. सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी क्ष पुसला, त्या जागी −३ लिहिलं आणि सोडवून टाकलं: ५ − २ − ३ = ०. वर्गात कुणालाच काही खटकलं नाही.

सरांनी ते पुसलं नाही. विचारलं, “दोन आणि क्षच्या मधी काय होतं?”

“काही नाही, सर.”

“काही नाही कसं? गुणाकार होता की. लिहीत नाहीत, पण असतोय. तुझ्या −३नं येताना स्वतःचं चिन्ह आणलं आणि गुणाकाराची जागा बळकावली.” मग त्यांनी खाली लाल खडूनं ५ − २( ) असं लिहिलं. आत काहीच नाही, नुसता रिकामा कंस. खडू माझ्या हातात दिला. “हं, आता किंमत ठेव आत. कंसाशिवाय आत यायचं नाही म्हणावं तिला.”

५ − २(−३) = ५ + ६ = ११.

मला ते पटलं नाही. वजाबाकी करायची आणि उत्तर पाचापेक्षा मोठं? सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तास संपायला आला होता, तरी त्यांनी माझ्याकडून क्षच्या किमती एकेक करून घालून घेतल्या. क्ष ३ असताना −१, २ असताना १, १ असताना ३. शून्याला ५. −१ला ७, −२ला ९. “काय दिसतंय?” दोन-दोननं चढत होतं! पुढचं उत्तर ११ सोडून दुसरं काही येणंच शक्य नव्हतं. ऋण गुणिले ऋण धन का, हे मला नियमातून नाही, त्या सात उत्तरांच्या ओळीतून कळलं. पुढं शिकलेल्या कुठल्याच गणितानं मला तेवढा आनंद दिला नाही.

घरी वडील गिरणीत, आई विड्या वळायची. दहावीनंतर मला पुढं शिकवायचं की नाही, यावर घरात बोलणी चालली होती, तेव्हा सर एका संध्याकाळी आले. आईच्या सुपाशेजारी जमिनीवरच बसले. “पोरीला थांबवू नका, बाई,” एवढंच म्हणाले आणि चहा घेऊन गेले. आई शेवटपर्यंत त्या चहाची आठवण काढायची.

आज मी व्याजाच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिते. −३चा वर्ग कंस न घालता लिहिला, तर एक्सेल ९ देतं आणि पायथॉन −९. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर. हाताखालच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दाखवते आणि रिकामा कंस आधी लिहायला लावते. गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. जिन्याजवळच्या खोलीत पांढरा बोर्ड आलाय म्हणे. तो काळा फळा ठेवायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

सरांची शेवटची भेट २०१९ची. ८ ÷ २(२ + २) हे गणित तेव्हा सगळीकडे फिरत होतं आणि लोक १ की १६ यावर भांडत होते. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, “लिहिणाऱ्यानं एक कंस कमी घातलाय.” मग माझं पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला दोन ओळी लिहिल्या. पहिलीत (८ ÷ २)(२ + २) आणि पुढं १६, दुसरीत ८ ÷ [२(२ + २)] आणि पुढं १. हात थरथरत होता, पण चौकटी कंसाचे कोपरे अगदी काटकोनात होते. ती कड मी फाडून आणली. माझ्या पाकिटात अजून आहे.