भडंगाची केस आणि पुढची दोन वर्षं

सांगलीच्या वालचंद कॉलेजमधून इंजिनिअरिंग, मुंबईत एमबीए आणि मग कन्सल्टिंगच्या, म्हणजे कंपन्यांना सल्ला देणाऱ्या फर्मच्या मुलाखती. त्यात 'केस' म्हणून एखादा प्रश्न तिथल्या तिथे सोडवायला देतात. समोरच्या बाईंनी विचारलं, "सांगलीचे ना? मग सांगा, तिथे आठवड्याला किती भडंग खपतो?"

गूगल नाही, कॅल्क्युलेटर नाही. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड मिळून लोकसंख्या साधारण ५ लाख. पाच माणसांचं घर धरलं तर १ लाख घरं. निम्म्या घरांत आठवड्याला पाव किलो, म्हणजे साडेबारा टन. मी खुशीत पेन खाली ठेवलं. "आणि बाहेरगावी जातो तो?" पाव्हण्याच्या हातात पाकीट दिल्याशिवाय त्याला एसटीत न बसवणारी आमची माणसं, आणि नेमका तोच हिशेब सुटला! तोंडावर हसू आणून हिशेबाला ती फांदी जोडली. आकडा बरोबर यावा अशी अपेक्षा नसतेच. प्रश्न कसा फोडता आणि चूक दाखवल्यावर तोंड पाडता की पुढे जाता, हे बघतात. अशा दोन फेऱ्या, मग पार्टनरशी, म्हणजे फर्मच्या भागीदाराशी गप्पा. झालं.

पगार ऐकून आई देवापुढे साखर ठेवून आली. शैक्षणिक कर्ज दोन वर्षांत फिटलं. हा फायदा मी कधीच कमी लेखणार नाही.

ताण मात्र वाटला होता तिथे नव्हता. सोमवारी पहाटेचं विमान, रात्री साडेअकराला "ही स्लाइड काही सांगत नाहीये" असा मेसेज, दर सहा महिन्यांनी रेटिंग, वर चढा नाहीतर बाहेर पडा. हे सगळं अंगवळणी पडतं. पडत नाही ते वेगळंच. आबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. हळकुंड मोडताना होणाऱ्या कडक आवाजावरून ते माल किती वाळलाय ते सांगतात. त्यांना एकदा माझं काम समजावून सांगितलं. ऐकून म्हणाले, "म्हणजे परवा शिकलास आणि आज त्यांनाच शिकवतोयस?"

हे फार लागलं, कारण खरंच होतं. तेव्हा एका कारखान्यात माल उशिरा का निघतो ते शोधत होतो. तीन आठवडे एक्सेल घासून काही हाती लागेना. शेवटी वजनकाट्यावरच्या माणसाजवळ चहा घेत बसलो. त्याने सहज सांगितलं, "सगळ्या गाड्या चारनंतरच लावतात साहेब, काटा एकच." तासातासाची नोंद काढली, तर निम्म्याहून जास्त गाड्या चार ते सात या वेळेत. गाड्यांना वेळा ठरवून दिल्या. पहिल्याच आठवड्यात रांग ओसरली. पन्नाशीतल्या प्लांट हेडने पंचविशीच्या पोराशी हात मिळवला, ते सुख पगारात मोजता येत नाही.

स्लाइडवर त्या काटेवाल्याचं नाव नव्हतं. घालू का म्हणून मॅनेजरला विचारलं, तर तो हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला. मीही गेलो. ही गोष्ट मी आबांना अजून सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात बढती झाली. दोन दिवसांसाठी घरी आलोय. रात्रीच्या बसने पुणे, तिथून सकाळचं विमान. बॅग अजून भरलेली नाही, पण टीमसाठी भडंगाची चार पाकिटं आईने आधीच तळाशी कोंबलीत.