ओपन स्पेसमधलं भरीत

जळगावच्या आमच्या कॉलनीत आधी बाग नव्हती, ओपन स्पेस होता. ले-आउट पाडताना सोडलेला, वेड्या बाभळी आणि गाजरगवताने भरलेला. मी पहिलीत असताना मंडळाने ठरवलं, यंदाची कोजागिरी तिथेच करायची. कॉलनीतली बापमंडळी आठवडाभर ड्युटीवर जाण्याआधी बाभळी तोडत होती. कोजागिरी झाली, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही सगळी पोरं आपसूक तिथेच खेळायला गेलो. ना भूमिपूजन, ना फीत. बाग झाली ती अशी.

कोजागिरी म्हणजे गुलाबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशात घरोघरी मूर्ती बसवतात त्या पार्वतीचा, शेवटचा दिवस. भाद्रपद पौर्णिमेला ती बसली की महिनाभर आम्ही मुली टिपऱ्या घेऊन या घरून त्या घरी गाणी म्हणत फिरायचो. कोजागिरीला घरोघरच्या गुलाबाई बागेत येत, पाटांवर ओळीने बसत. गाणी झाली की खाऊ ओळखायचा. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा, आवाजावरून सांगायचं. माझ्या आईचा खाऊ कधीच कुणाला ओळखता आला नाही, कारण ती डबा इतका गच्च भरायची की आतलं हलायचंच नाही! मग आटवलेलं दूध, आणि रात्री उशिरा विसर्जन. तेव्हा लहान मुली खरोखर रडायच्या. मीही रडले आहे.

पण माझा जीव जास्त थंडीतल्या भरतात अडकलेला. डिसेंबरात आसोद्याहून वांग्यांची पोती यायची. हिरवट पांढरी, हातात मावणार नाहीत एवढी, आणि बिया अगदी कमी. आसोदा बहिणाबाईंचं माहेर, त्यामुळे पोतं उतरलं की कुणीतरी काकू त्यांची ओवी म्हणायच्याच. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ पेटवायचा, वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात फिरवून आत सोडायची. उलटवायचं काम कॉलनीतल्या आबांचं. देठ धरून ते वांगं नुसत्या हाताने फिरवत, आणि वांगं शिजलं की नाही हे देठ दाबून सांगत. सालं काढून सगळं लाकडी बडगीत, म्हणजे ठेचायच्या खोलगट भांड्यात, जायचं. त्यात हिरवी मिरची, लसूण, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. त्या ठेचण्याचा धप्प धप्प आवाज बागेच्या फाटकापर्यंत यायचा. सोबत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. ताटाखाली गवत थंडगार, आणि बोटं भाजताहेत.

वर्गणीतून जे उरेल त्यातून दरवर्षी बागेला एक वस्तू, हा मंडळाचा शिरस्ता. आधी दोन झोके, मग घसरगुंडी, मग बाक. घसरगुंडी पत्र्याची, तोंड पश्चिमेला. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45च्या पुढे जातो, संध्याकाळीही तिच्यावर बसवेना. पुढच्या भरताच्या पैशातून मग तिच्या पश्चिमेला कडुनिंब लावला. आता चार वाजताच त्याची सावली घसरगुंडीवर येते. मला विचाराल तर मंडळाने केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

एकदा झोक्याची साखळी तुटली आणि शेजारच्या मुलाचा हात मोडला. तेव्हापासून दर कोजागिरीच्या आदल्या दिवशी दोन दादा कडी न् कडी तपासतात, ग्रीस लावतात आणि स्वतः झोक्यावर बसून बघतात. त्यानंतरच मांडव घालतात.

गेल्या डिसेंबरात लेकाला घेऊन गेले. आबा आता जाळाशी बसत नाहीत, खुर्चीतून पोरांना सांगतात. लेक झोक्यावरूनच दर दोन मिनिटांनी ओरडत होता, "आबा, झालं का?"

"देठ नरम पडू दे रे पोऱ्या," आबा म्हणाले, आणि जाळातलं एक वांगं त्याला बोटाने दाखवलं.