आमची वाटचाल : पुण्यात अरण्येश्वरच्या गल्लीतलं माशांचं दुकान

आमच्या काउंटरवर पाटी आहे : ‘कोरी टाकी साफ करत नाही. त्यासाठी आपल्याला दोन हात आहेत.’ कोरी म्हणजे कोरिडोरस, टाकीच्या तळाशी वावरणारा छोटा मिशाळ मासा; तो टाकी साफ करतो असं समजून लोक मागायला येतात. पाटी वाचून काही गिऱ्हाइकं फणकाऱ्यानं निघून गेली. जाऊ देत.

सुरुवात भागीदारीत झाली. भागीदार काचेतला माणूस. काच कापायचा हिरा एकदाच फिरवायचा, दुसरी रेघ नाही. सिलिकॉनची कड बोटानं अशी ओढायचा की त्या टाक्या आजही थेंबभर गळत नाहीत. मासे माझ्याकडे. कोलकाता, चेन्नईहून थर्माकोलच्या खोक्यांत माल यायचा. कोरीची पिशवी दुहेरी, कोपरे रबरानं बांधलेले, कारण घाबरला की हा मासा काटे ताठ करतो आणि एकेरी पिशवी भोसकतो. जाळीत अडकला तर ओढू नका. आम्ही मगानंच उचलतो. पुढे भागीदार मुलाकडे नाशिकला गेला. त्यानंतरची वर्षं धंदा बरा चालला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. आंबिल ओढ्याला लोंढा आला. आमच्या भागात माणसं गेली, त्यापुढे माशांचं काय सांगायचं. पण आमचं पोट त्या दुकानावर होतं. आत मांडीभर पाणी, खालच्या रांगेतल्या टाक्या चिखलात, वीज नाही, एअर पंप बंद. सकाळी वरच्या टाक्यांत टेट्रा आणि एंजल मासे उताणे तरंगत होते. कोरी जिवंत! थोड्या थोड्या वेळानं एकेक सुर्रकन वर यायचा, हवेचा घोट घ्यायचा, परत तळाशी. हा मासा हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेतो, हे ठाऊक होतं. त्या दिवशी त्यावर दुकान तगलं. (एरवी तुमचा कोरी अधूनमधून वर गेला तर घाबरून फोन करू नका. सगळे सारखेच वर धावू लागले तर मात्र पाणी तपासा.)

दुपारी पर्वतीच्या काकू चिखल तुडवत आल्या, दोन्ही हातांत झाकणाच्या बादल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. “अरे, कोरी माझ्याकडे दे, बाकीचं नंतर बघू.” त्यांच्याकडे वीज होती. थंडीत त्यांनी टाकीत जरा गार पाणी घातलं आणि ठिपकेवाल्या कोरींनी अंडी दिली. मादी पोटाखालच्या परांत दोन-चार अंडी धरते आणि काचेवर चिकटवत जाते. काकूंनी ती नखानं अलगद सोडवून वेगळ्या भांड्यात ठेवली. बुरशी धरलेली पांढरी अंडी रोज वेचून काढली. त्या पिल्लांवर दुकान पुन्हा उभं राहिलं. काकूंनी पैसे घेतले नाहीत, फक्त हिशोब मागितला.

आता समोरच्याबद्दल. आम्ही चिखल उपसत असतानाच त्यानं दुकान थाटलं आणि गल्लीभर सांगत सुटला, “तिकडे पुराचे मासे आहेत, रोग असणार.” स्वतः विकायचा काय? दोन कोरी आणि एक सकर (तोंडानं काचेला चिकटणारा मासा), ‘टाकीची मोफत सफाई, खाणं लागत नाही’. खाली धारदार रंगीत खडी. महिन्याभरात ते मासे आमच्याकडे दाखवायला यायचे, मिशा झिजून गेलेल्या. सकर फूटभर वाढला की लोक तलावात सोडतात, ते आणखी वाईट. ठिपकेवाला कोरी डार्विननं बीगल जहाजाच्या सफरीत दक्षिण अमेरिकेत गोळा केला होता. १८४२ साली त्याचं वर्णन छापलं गेलं. एवढ्या घरंदाज माशाला शिळंपाकं खायला लावायचं?

विचारलं नाहीत तरी सांगतो. तळाला बारीक वाळू घाला. दिवा मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाका, म्हणजे वरचे मासे आधी फस्त करणार नाहीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घालवल्याशिवाय टाकीत ओतू नका; बोअरचं पाणी असेल तर आधी किती जड, म्हणजे क्षारांचं, आहे ते बघा. नवीन टाकीत मासे सोडायची घाई करू नका, फिल्टर मुरू द्या, म्हणजे त्यात पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू वाढू द्या. एप्रिलमध्ये झाकण उघडून जाळी टाका आणि पाण्यावर टेबलफॅन लावा. ठिपकेवाल्याला तिशीतलं पाणी सोसत नाही, त्याला बावीस-तेवीस अंश बरे.

आणि सहाच्या खाली कोरी आम्ही देत नाही, एकटादुकटा हा मासा कोपऱ्यात लपून बसतो. ज्यांना दोनच हवे असायचे, त्यांच्यासाठी समोरचं दुकान होतं. ते आता बंद झालं, त्याला आम्ही काय करणार?