विषयाच्या तासातच असलेली कामाची कौशल्ये

इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्म ही साधारणपणे १६ ते १८ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची दोन वर्षे असतात. बहुतेक विद्यार्थी या काळात ए-लेव्हलसाठी, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाआधीच्या शालेय परीक्षेसाठी, तीनच विषय घेतात. विषय इतके थोडे असल्यामुळे नोकरीसाठी लागणारी कौशल्ये एखाद्या वेगळ्या तासात किंवा वर्षातून एकदा भरणाऱ्या ‘करिअर सप्ताहा’त उरकून घेण्याकडे शाळांचा कल असतो. मी तेथे रसायनशास्त्र शिकवते आणि ही विभागणी मला मुळातच चुकीची वाटते. शाळांतील करिअर मार्गदर्शन कसे असावे हे सांगणाऱ्या, २०१४ साली मांडल्या गेलेल्या आठ गॅट्सबी निकषांपैकी चौथा निकष अभ्यासक्रम करिअरशी जोडण्याचाच आहे. परंतु शाळेच्या आराखड्यात त्यासमोर बरोबरची खूण करणे सोपे, तो वर्गात उतरवणे अवघड.

माझ्याच विषयाचे उदाहरण घेते. ए-लेव्हल विज्ञान विषयांत प्रात्यक्षिकांचे मूल्यमापन स्वतंत्रपणे होते. त्यासाठी किमान १२ प्रयोग करावे लागतात आणि त्याचा निकाल अंतिम श्रेणीत न मिळवता वेगळा नोंदवला जातो. त्यात काय तपासले जाते? लेखी सूचनांनुसार काम करणे, पद्धत व उपकरणे विचारपूर्वक वापरणे, सुरक्षितता सांभाळणे, नोंदी अचूक ठेवणे आणि संदर्भ शोधून अहवाल लिहिणे. ही यादी कोणत्याही प्रयोगशाळेच्या नोकरीच्या जाहिरातीत जशीच्या तशी शोभेल, हे विद्यार्थ्यांच्या मात्र क्वचितच लक्षात येते.

टायट्रेशनमध्ये एक द्रावण ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, रंग बदलेपर्यंत दुसऱ्यात सोडून किती लागले ते मोजतात. त्यात पहिली ढोबळ मोजणी झाल्यावर एकमेकांशी ०.१ घन सेंटिमीटरच्या आत जुळणारी मापने मिळवायची असतात. तिसरे माप फटकून आले की जोडीतील एक जण ते गुपचूप खोडू पाहतो आणि दुसरा ते का आले याचा शोध घेऊ लागतो: ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता का, की रंग बदलताना थेंब जास्त पडला? अशा वेळी मी उत्तर सांगत नाही. ते माप वगळायचे की ठेवायचे, हे त्यांनीच ठरवावे आणि कारणासह वहीत लिहावे, एवढाच माझा आग्रह असतो, कारण पुराव्यावरून निर्णय घेऊन तो सहकाऱ्याला पटवून देण्याचा सराव यापेक्षा स्वस्तात कुठे मिळणार?

भूगोलाच्या विद्यार्थ्यांना किमान चार दिवसांचे क्षेत्रकार्य आणि २० टक्के गुणांचा स्वतंत्र शोधप्रकल्प करावा लागतो. त्यात प्रश्न स्वतः ठरवायचा असल्याने नियोजन चुकले तर त्याची झळही स्वतःलाच बसते. इतिहासातही २० टक्के गुण स्वतंत्र लेखनाला आहेत. गणिताबाबत हा संबंध इतका उघड नाही, पण फळ्यावर उभे राहून आपली रीत इतरांना समजावून सांगणे हेही कामच आहे. प्रत्येक धड्याला ओढूनताणून एखादे कौशल्य चिकटवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. भिंतीवर ‘संघभावना’ असा तक्ता लावल्याने कोणी संघात काम करायला शिकत नाही.

खरी अडचण कौशल्य नसण्याची नाही, ते सांगता न येण्याची आहे. २०२६ च्या प्रवेशापासून युकास या केंद्रीय प्रवेशसंस्थेमार्फत विद्यापीठांसाठी करायच्या अर्जातील निवेदन तीन प्रश्नांत विभागले गेले असून, आतापर्यंतच्या अभ्यासाने या अभ्यासक्रमासाठी तुमची तयारी कशी झाली, असे त्यातील दुसरा प्रश्न विचारतो. अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीतही अशाच प्रसंगांची विचारणा होते. त्यामुळे प्रत्येक प्रात्यक्षिकानंतर काय अडले आणि तुम्ही काय केले, अशा दोन ओळी मी वहीच्या समासात लिहून घेते. ‘सगळे नीट झाले’ एवढेच लिहिलेली वही मी परत देते आणि बुडबुड्याबद्दल विचारते.