सरोगसी: आधीच्या बाळंतपणाचा अनुभव कुठे अपुरा पडतो

सरोगेट, म्हणजे दुसऱ्यांचं मूल आपल्या पोटात वाढवून जन्म देणारी बाई. ती होऊ पाहणारी जवळजवळ प्रत्येक जण आधी आई झालेली असते. बहुतेक ठिकाणी ती अटच असते. किमान एक बाळंतपण पूर्ण दिवसांचं आणि विनातक्रार झालेलं असावं, असं डॉक्टर पाहतात. गर्भपिशवी मूल नीट पेलते याचा त्याहून चांगला पुरावा कुठल्याच तपासणीत मिळत नाही. पण त्याच अनुभवामुळे फसगतही होते. दिवस कसे जातात, कळा कशा येतात हे सगळं ठाऊक आहे, मग यात नवीन काय असणार, असं वाटतं. नवीन बरंच असतं. पोटातलं मूल दुसऱ्या बाईच्या स्त्रीबीजातून आलेलं असतं, आणि ते पोटात ठेवलं जातं तेव्हा शरीराची तयारी बाहेरच्या औषधांनी करवून घेतलेली असते. बहुतेक फरक या दोन गोष्टींतून निघतात.

पहिला फरक वेळेचा. तपासण्या, करार, औषधं, ट्रान्सफर (म्हणजे भ्रूण गर्भपिशवीत सोडणं), मग गरोदरपण आणि नंतर शरीर भरून येणं हे सगळं धरलं तर वर्ष ते दीड वर्ष सहज जातं. पहिला ट्रान्सफर फसला तर त्याहून जास्त. नऊ महिन्यांचा हिशेब करून नोकरीचं किंवा घरचं काही ठरवू नका.

सुरुवात जुन्या कागदांपासून होते. आधीच्या प्रत्येक बाळंतपणाची फाइल मागवतात आणि ती बारकाईने वाचतात. रक्तदाब चढला होता का, साखर वाढली होती का, वार हाताने काढावी लागली का, रक्त चढवलं का, हे सगळं पाहिलं जातं. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वय २१ ते ४५ असावं आणि शक्यतो पाचपेक्षा जास्त बाळंतपणं किंवा तीनपेक्षा जास्त सिझेरियन झालेली नसावीत. कागदात एखादी गोष्ट दडवली तर ती पुढे प्रसूतीच्या टेबलावर समोर येते, म्हणून आधीच सांगून नकार घेतलेला परवडतो.

मग रक्ततपासण्या: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तगट. जोडीदाराचीही तपासणी होते, आणि ते ऐकून बरेच नवरे गोंधळतात. शरीरसंबंधातून लागण होऊ शकते एवढंच त्याचं कारण. रुबेला आणि कांजिण्यांविरुद्धची प्रतिकारशक्ती पाहतात. ती नसेल तर लस घ्यावी लागते, आणि या लशी जिवंत विषाणूंच्या असल्याने पुढे किमान महिनाभर ट्रान्सफर करता येत नाही. गर्भपिशवीत मिठाचं पाणी सोडून सोनोग्राफी करतात किंवा दुर्बिणीने आत पाहतात, म्हणजे पॉलिप, गाठ किंवा पूर्वी पिशवी साफ करताना (क्युरेटिंग) आत चिकटलेले भाग दिसतात. मानसोपचार तज्ज्ञाशी बोलणंही असतं. तिथे ‘बाळ देताना वाईट वाटेल का’ एवढंच विचारत नाहीत. घरात कोण काय म्हणतंय, पैशाची निकड किती, कुणाचा दबाव आहे का, गर्भात दोष निघाला तर तुमचं मत काय, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं आणि होणाऱ्या पालकांचं जुळत नसेल, तर तिथेच थांबावं. बाकी सगळं जुळवून घेता येतं, हे येत नाही.

करार औषधांच्या आधी व्हायला हवा, आणि तुमचा वकील वेगळा हवा. पालकांच्याच वकिलाने ‘मी दोघांचंही बघतो’ म्हटलं तरी ऐकू नका. करारात ठळक गोष्टी असतातच. निसटतात त्या बारीक गोष्टी: एका वेळी किती भ्रूण ठेवायचे, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं तर बुडालेला पगार आणि घरकामाची मदत कोण देणार, गर्भपात झाला, सिझेरियन झालं किंवा गर्भपिशवी काढावी लागली तर काय, पालकांचा मधेच घटस्फोट किंवा मृत्यू झाला तर बाळ कोणाकडे, प्रसूतीच्या खोलीत कोण असेल, बाळंतपणानंतर किती महिने उपचारांचा खर्च मिळेल. पैसे पालकांच्या खिशातून वेळोवेळी येण्यापेक्षा त्रयस्थाकडच्या खात्यात आधीच भरलेले असावेत. आणि तुमच्या शरीरावरच्या उपचारांना संमती देणारी व्यक्ती तुम्हीच, हे स्पष्ट लिहून घ्या.

कायदा देशागणिक इतका बदलतो की एका ठिकाणचा सल्ला दुसरीकडे गुन्हा ठरू शकतो. भारतात २०२१ च्या सरोगसी (नियमन) कायद्याने मोबदला बंद केला. वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा एवढंच मिळतं, बाईचं वय २५ ते ३५ लागतं, तिला स्वतःचं मूल असावं लागतं, आणि आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं. ब्रिटनमध्ये जन्माच्या वेळी कायद्याने आई तीच जिने जन्म दिला, आणि पालकत्व बदलायला तिने दिलेली संमती सहा आठवड्यांनंतरचीच धरतात. कॅलिफोर्नियात मोबदला चालतो आणि जन्माआधीच न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश मिळवता येतो.

आता औषधं. इथेच आधीचा अनुभव सगळ्यात कमी कामाला येतो. नेहमीच्या गरोदरपणात स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात जो पिवळट पुंजका उरतो, तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि पहिले काही आठवडे गर्भ त्याच्यावर तगतो. औषधांनी चालवलेल्या चक्रात स्त्रीबीज सुटतच नाही, त्यामुळे तो पुंजका नसतो. म्हणजे वार स्वतः काम हाती घेईपर्यंत, साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत, गर्भ टिकतो तो तुम्ही घेत असलेल्या औषधांवर. डोस चुकला तर भरून काढायला शरीरात दुसरं काही नाही.

क्रम साधारण असा असतो. आधी गर्भनिरोधक गोळ्या किंवा अंडाशयाला झोपवणारं इंजेक्शन देऊन तारखा हातात घेतात. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गर्भपिशवीचं अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन सुरू होतं, बहुधा २ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोन-तीनदा, किंवा कातडीवर चिकटवायचे पॅच. दहा ते चौदा दिवसांनी सोनोग्राफीत अस्तर पाहतात. ते निदान ७ मिलिमीटर आणि तीन रेघांचं दिसावं लागतं. अस्तर पातळ राहिलं, पिशवीत पाणी दिसलं, किंवा रक्तात प्रोजेस्टेरॉन आधीच चढलेलं निघालं (म्हणजे औषधांना चुकवून स्त्रीबीज सुटलं) तर चक्र रद्द होतं. रद्द होणं हे अपयश नव्हे. अशा अस्तरावर भ्रूण वाया घालवण्यापेक्षा ते फार बरं. इस्ट्रोजेनने डोकं दुखतं, छाती भरून येते, पोट फुगतं. पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली असेल किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी असेल, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

अस्तर तयार झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू. योनीत ठेवायच्या गोळ्या असतात, पण बऱ्याच ठिकाणी तेलातलं ५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन रोज देतात, आणि याचीच धास्ती सगळ्यांना असते. तेल दाट असतं, म्हणून जाड सुईने ओढायचं आणि दीड इंची, २२ नंबरच्या सुईने टोचायचं. जागा नितंबाच्या वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, कारण आतल्या-खालच्या भागातून पायाची मोठी नस जाते. बाटली काही मिनिटं काखेत धरून कोमट केली तर तेल सैल होतं. औषध सावकाश सोडायचं, मग जागा चोळायची, शेकायची आणि थोडं चालायचं. रोज बाजू बदलायची. काही आठवड्यांनी गाठी येतात, त्या नंतर हळूहळू विरतात. लाल चट्टा पसरत गेला, खाज सुटली किंवा ताप आला तर मात्र तेलाची ॲलर्जी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. हे तेल बहुधा तिळाचं असतं, ॲलर्जी असेल तर दुसऱ्या तेलातलं मिळतं.

पहिल्या प्रोजेस्टेरॉनची तारीख आणि वेळ हा या सगळ्याचा खिळा आहे. पाच दिवसांचा भ्रूण साधारण प्रोजेस्टेरॉनच्या सहाव्या दिवशी आत सोडतात. अस्तर भ्रूणाला स्वीकारतं ती मुदत थोडीच असते आणि ती पहिल्या डोसापासून मोजली जाते. पहिलं इंजेक्शन एक दिवस उशिरा झालं तर ट्रान्सफर एक दिवस पुढे ढकलता येतो, पण डॉक्टरांना कळलं तरच. भीतीपोटी गप्प राहणं हे इथलं सगळ्यात महाग पडणारं मौन.

या काळात शरीरसंबंध बंद ठेवायला सांगतात आणि ते गंभीरपणे घ्यावं. औषधं असूनही स्त्रीबीज सुटू शकतं आणि पोटात राहिलेलं मूल तुमचं व तुमच्या नवऱ्याचं असू शकतं. काही डॉक्टर औषधांऐवजी तुमच्या नैसर्गिक चक्रातच ट्रान्सफर करतात. पाळी नियमित असेल तर हे विचारून पाहावं, कारण औषधी चक्रांनंतर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. मात्र नैसर्गिक चक्रात तुमचं स्त्रीबीज सुटतंच, त्यामुळे वरचा नियम दुप्पट कडक.

ट्रान्सफर स्वतः पाच-दहा मिनिटांचा. भूल लागत नाही. लघवीने भरलेली पिशवीच काय ती छळते, पण तिच्यामुळे पोटावरच्या सोनोग्राफीत मऊ नळीचं टोक नीट दिसतं. नंतर झोपून राहण्याने रुजण्याची शक्यता वाढत नाही. भ्रूण एकच ठेवा, असा आग्रह धरा. जुळं म्हणजे दुप्पट आनंद, असं पालकांना वाटतं. अकाली प्रसूती, रक्तदाब आणि रक्तस्राव यांचा धोका मात्र तुमच्या वाट्याला येतो. एक भ्रूण ठेवूनही शंभरात एखाद-दुसऱ्या वेळी त्याची जुळी होतात, हेही लक्षात असू द्या.

नऊ ते अकरा दिवसांनी रक्तातलं बीटा एचसीजी (दिवस राहिले की वाढणारं संप्रेरक) तपासतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा. पहिला आकडा किती मोठा यापेक्षा तो ४८ तासांत कसा चढतो ते महत्त्वाचं. निदान निम्म्याने तरी वाढायला हवा. घरच्या पट्टीवर एकच रेघ आली म्हणून औषधं थांबवू नका. तसंच डाग दिसले म्हणूनही नाही. योनीतल्या गोळ्यांनी गर्भपिशवीचं तोंड चिडतं आणि डाग पडतात, शिवाय आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फळवलेल्या, गर्भाशेजारी रक्त साकळणं बऱ्याचदा दिसतं. औषधं बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा. सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके दिसतात.

पुढे नेहमीच्या प्रसूतितज्ज्ञाकडे गेलात की काही गोष्टी तुम्हीच सांगाव्या लागतात, कारण फॉर्म भरणारी नर्स तुमचंच मूल समजून भरते. प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीवरून काढायची नाही. पाच दिवसांच्या भ्रूणाच्या ट्रान्सफरमध्ये २६१ दिवस मिळवले की ती तारीख येते, आणि ट्रान्सफरच्या दिवशीच तुम्हाला २ आठवडे ५ दिवस झालेले असतात. गुणसूत्रांच्या तपासणीत वय तुमचं लिहायचं नाही, स्त्रीबीज काढलं तेव्हा ते जिचं होतं तिचं लिहायचं. तुमच्या रक्तातून गर्भाचे डीएनए तुकडे पाहणाऱ्या चाचणीत सरोगसी आहे हे कळवलं नाही, तर निकाल चुकीचा किंवा निरर्थक येऊ शकतो. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर डॉक्टर सवयीने नवऱ्याचा गट विचारतात, ज्याचा इथे काही संबंध नाही. स्त्रीबीज आणि शुक्राणू ज्यांचे, त्या दोघांचे गट लागतात. त्यांतला एकही पॉझिटिव्ह असला तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि २८ व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन लागतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांत पुन्हा.

धोका नेहमीच्या बाळंतपणाएवढाच, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या जन्मांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर गुंतागुंत नैसर्गिकरीत्या दिवस राहिलेल्यांत २.३ टक्के, स्वतःसाठी आयव्हीएफ केलेल्यांत ४.३ टक्के आणि सरोगेट स्त्रियांत ७.८ टक्के आढळली. त्यात प्रसूतीनंतरचा मोठा रक्तस्राव आणि तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब चढून इतर अवयवांवरही परिणाम होणं) प्रामुख्याने होते. म्हणून बाराव्या आठवड्याच्या सुमाराला कमी मात्रेचं ॲस्पिरिन सुरू करायचं का, हे डॉक्टरांना विचारा, आणि घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असू द्या. १४०/९० किंवा त्याहून वर, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

बाळ पालकांकडे गेल्यावर शरीराला त्याची काही खबर नसते. वार पडली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध उतरतंच. पालकांना दूध हवं असेल तर पंप करायचं. नको असेल तर घट्ट पण न काचणारी ब्रा, थंड पट्ट्या, गरज पडली तर वेदनाशामक, आणि दाटलेलं असह्य झालं तर आराम पडेल इतकंच पिळायचं. पूर्ण रिकामं केलं की पुन्हा तेवढंच भरतं. दूध आटवायची गोळीही असते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती चालत नाही. अंगावरून चार ते सहा आठवडे जातं. रडू येणं पहिले दोन आठवडे समजण्यासारखं आहे, पुढेही झोप-भूक उडालेलीच राहिली तर तपासून घ्यावं. बाळ दिल्याचं दुःख सगळ्यांना होतंच असं नाही. ब्रिटनमधल्या ३४ सरोगेट मातांच्या २००३ च्या अभ्यासात बहुतेकींना बाळ सुपूर्द करताना फारशी अडचण आली नव्हती. त्यापेक्षा जास्त लागतं ते अचानक आलेलं रितेपण: रोज फोन करणारे पालक बाळात गुंततात आणि फोन थांबतात. पुढे किती संपर्क राहणार, हे पाचव्या महिन्यात बोलून घेतलेलं बरं, बाळंतपणाच्या खाटेवर नव्हे.

घरची मुलं लहान असतील तर त्यांना पोट दिसू लागण्याआधीच सांगा की हे बाळ आपलं नाही आणि आपल्या घरी येणार नाही. नाहीतर ‘आपलंही देऊन टाकाल का’ हा प्रश्न त्यांच्या मनात राहतो.

सहा आठवड्यांच्या तपासणीला जाताना ट्रान्सफरपासूनच्या सगळ्या कागदांची प्रत मागून घ्या. बऱ्याचदा ही फाइल पालकांच्या नावाने बनते आणि नंतर तुमच्या हाती लागत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता का, टाका कसा घातला, रक्त किती गेलं, हे पुढच्या कुठल्याही ऑपरेशनला किंवा तुमच्या स्वतःच्या पुढच्या गरोदरपणाला लागणार आहे. त्या गरोदरपणाआधी मात्र शक्यतो दीड वर्षाची उसंत असू द्या.